ताणावरची बाग

(दृश्य : जानेवारीची सकाळ. जालना जिल्ह्यातली मोसंबीची बाग.)

या बागेला गेला महिना-दीड महिना पाणी दिलेलं नाही. पानं मलूल झालीत, कडा आत वळल्यात, हिरव्यावर पिवळट झाक आलीय. खोडाभोवती पानगळ पडलीय. नवख्या माणसाला वाटेल, बाग वाळत चाललीय. पण पलीकडे विहिरीवरची मोटार चालू आहे, गव्हाला पाणी जातंय. मोसंबीचं पाणी तोडलंय ते मुद्दाम. इथला बागायतदार म्हणतो, "बाग ताणावर सोडलीय."

बारमाही पाणी आणि खत मिळालं की मोसंबी पाल्याला लागते. फांद्या वाढतात, पानं वाढतात, फूल धरायचं नाव नाही. पाणी तुटलं आणि थंडी पडली की वाढ थांबते. पानांनी तयार केलेलं अन्न मग नव्या फुटीवर खर्च होत नाही, फांद्यांत साठतं. पुढचा बहार येतो तो या साठ्यावर. मुरमाड, हलक्या रानात महिनाभराचा ताण पुरतो. काळी भारी जमीन ओल धरून ठेवते, तिथे दीड-दोन महिने लागतात. किती दिवस, हे कॅलेंडर सांगत नाही, पानं सांगतात. साधारण पाव हिस्सा पानं गळाली की ताण बसला असं समजतात.

आंब्याला मोहर येतो त्या दिवसांत फुलतो तो आंबे बहार. मृगाच्या पावसावर फुलतो तो मृग बहार. हस्त बहारही आहे, पण इथे मुख्य हिशेब पहिल्या दोघांचा. बहार म्हणजे फुलं, बहार म्हणजे हंगाम, आणि व्यापारी बांधावर येऊन "यंदाचा बहार कितीला देता?" असं विचारतो तेव्हा बहार म्हणजे घरची वर्षाची कमाई.

(दृश्य : आळ्यात शिरणारं पाणी. मग फांदीचं टोक, अगदी जवळून.)

ताण एकदम तोडत नाहीत. खत घालून पहिलं पाणी हलकं देतात, ती आंबवणी. काही दिवसांनी त्याहून थोडं जास्त, ती चिंबवणी. मग नेहमीच्या पाळ्या सुरू होतात. आता या टोकाकडे बघा. फिकट पोपटी फूट आलीय आणि पानाच्या बगलेत टाचणीच्या डोक्याएवढी कळी आहे. ती उमलली की जाड, पांढऱ्या पाकळ्या मागे वळतात, मधे पिवळे पुंकेसर दिसतात. बागेत मधमाश्यांचा गुंजारव आणि बांधापर्यंत वास. पाकळ्या झडल्या की देठाशी हिरवा मणी उरतो. यातले बहुतेक मणी गळणारच आहेत. झाडावर फुलं हजारोंनी येतात, त्यातली थोडकीच फळाला जातात.

न्यूसेलर ही इथे सगळ्यांत जास्त लावली जाणारी जात. जालन्याच्या मोसंबीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं. शेजारच्या पैठण तालुक्यातल्या पाचोडच्या बाजारातून इथला माल लांबच्या शहरांत जातो. पण मानांकन असो की बाजार, सगळं येऊन अडतं ते पाण्याशी.

शेतकऱ्याने दिलेला ताण आणि दुष्काळाने दिलेला ताण झाडाला सारखाच. फरक एवढाच की पहिला तोडायला विहिरीत पाणी असतं. आंबे बहाराचं कोवळं फळ एप्रिल-मे महिन्यांत, बेचाळीस अंशांच्या उन्हात पोसावं लागतं, आणि विहिरी तळ गाठतात त्या नेमक्या तेव्हाच. 2012 च्या दुष्काळानंतरचा उन्हाळा जालना, पैठण, अंबड भागाने बघितला आहे. लोकांनी टँकरने पाणी आणून झाडं जगवली. ज्यांना ते झेपलं नाही त्यांच्या बागा उभ्या वाळल्या आणि कुऱ्हाड लावावी लागली. पुढे 2014 ला ऐन बहारात गारपीट झाली. ताण चालू असताना अवकाळीची एक जोरदार सर आली तरी खेळ बिघडतो, ताण अवेळी तुटतो आणि फुलांऐवजी पाला फुटतो.

म्हणून बहार धरण्याचा निर्णय खरा डिसेंबरातच होतो. विहिरीत, शेततळ्यात किती पाणी आहे आणि ते मे अखेरपर्यंत पुरेल का, हा हिशेब आधी. पुरणार नसेल तर आंबे बहार सोडून मृगाची वाट बघणारे आहेत. मृग बहाराचं फळ पावसाळ्यात वाढतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी बाजारात येतं, भावही बरा मिळतो. पण मृगाचा पाऊस लांबला तर तेही हातचं जातं.

आणि फारच वाईट साल असेल तर फळाचा नाद सोडायचा. लागलेली फळं काढून टाकायची, हलकी छाटणी करायची, आळ्यात गव्हाच्या काडाचं किंवा सोयाबीनच्या भुसाचं आच्छादन घालायचं, आणि जे काही पाणी आहे ते ठिबकने मुळाशी द्यायचं. एक बहार गेला तर एका वर्षाचं उत्पन्न जातं. झाड गेलं तर नव्या रोपाला पहिला बहार धरायला पाच-सहा वर्षं लागतात.