डेव्हिन हेस्टर: ज्याच्याकडे किक मारायला संघ धजत नसत

४ फेब्रुवारी २००७. मायामीत पाऊस पडतोय. सुपर बोलची, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या अंतिम सामन्याची, पहिली किक. इंडियानापोलिस कोल्ट्सच्या ॲडम विनाटिएरीने उडवलेला चेंडू शिकागो बेअर्सच्या गोलरेषेपासून आठ यार्डांवर येतो, २३ नंबरच्या हातात. डेव्हिन हेस्टर. वय २४, व्यावसायिक फुटबॉलमधला पहिलाच हंगाम. फट दिसते, तो उजवीकडे वळतो, आणि बाकीच्यांच्या हाती फक्त पाठलाग उरतो. ९२ यार्ड, म्हणजे सुमारे ८४ मीटर. सामना सुरू होऊन झालेत १४ सेकंद. सुपर बोलची सलामीची किक थेट टचडाउनपर्यंत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपार, नेणारा तो पहिला खेळाडू.

बेअर्स हा सामना १७-२९ असा हरले. पण कोल्ट्सनी पुढे काय केलं ते पाहा. चेंडू जमिनीलगत, उड्या खात जाईल, हेस्टरपर्यंत नीट पोहोचणारच नाही, अशा किक त्यांनी मारल्या. अंतर गेलं तरी चालेल, पण चेंडू याच्या हाती नको!

अमेरिकन फुटबॉलमध्ये किक झेलणाऱ्याला मान वर करून चेंडूवर नजर ठेवावी लागते, आणि त्याच वेळी समोरून अकरा जण पूर्ण वेगाने त्याच्या अंगावर येत असतात. वीस-पंचवीस यार्ड मिळाले तरी गडी खूश असतो.

हेस्टर फ्लोरिडातल्या रिव्हिएरा बीचचा. मायामी विद्यापीठात तो बचावातही खेळला आणि आक्रमणातही. हक्काची जागा अशी मिळालीच नाही. २००६च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, बेअर्सनी त्याला दुसऱ्या फेरीत, ५७व्या क्रमांकावर घेतलं, कॉर्नरबॅक या बचावातल्या जागेसाठी.

माझ्या मते त्याची सगळ्यात देखणी धाव सुपर बोलमधली नाही. ती त्याच हंगामात, नोव्हेंबरमध्ये, न्यूयॉर्क जायंट्सविरुद्धची. जायंट्सचा ५२ यार्डांवरून मारलेला फील्ड गोल, म्हणजे गोलखांबांमधून गुण मिळवण्यासाठीची किक, कमी पडतो. हेस्टर आपल्या एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, आठ यार्ड आत, चेंडू झेलतो आणि दोन पावलं अशी टाकतो, जणू आता खेळ थांबलाच. जायंट्सचे खेळाडू सैलावतात. आणि तो सुटतो! १०८ यार्ड. ती दोन संथ पावलं पुन्हा पुन्हा पाहावीत अशी आहेत.

पहिल्या हंगामात सहा टचडाउन, दुसऱ्यात पुन्हा सहा. साहजिकच संघाला वाटलं, एवढा वेग आहे तर चेंडू वारंवार याच्या हाती द्यावा. २००७पासून त्याला वाइड रिसीव्हर, म्हणजे आक्रमणात पास झेलणारा, केलं. २००९मध्ये त्याने ५७ पास झेलले, ७५७ यार्ड मिळवले. वाईट कामगिरी नव्हे. पण २००८ आणि २००९ या दोन हंगामांत किक परतवून एकही टचडाउन नाही. रिसीव्हरच्या कामात त्याची मूळ धार बोथट झाली, असं मला ठामपणे वाटतं.

२०१०मध्ये ती धार परत आली. मिनेसोटा वायकिंग्सविरुद्ध त्याने पंट (चेंडूचा ताबा सोडताना लांब मारलेली किक) आणि किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) परतवून केलेल्या टचडाउनचा, ब्रायन मिचेल या खेळाडूचा, विक्रम मोडला. २०१४मध्ये, अटलांटा फाल्कन्सकडून खेळताना, सगळ्या प्रकारच्या रिटर्नचं, म्हणजे चेंडू परत नेऊन केलेलं, विसावं टचडाउन. आधीचा १९चा विक्रम होता डियॉन सँडर्सचा, हेस्टरच्या गुरूचा. शेवटचे काही यार्ड हेस्टर डियॉनच्याच ढंगात, गुडघे उंच उचलत धावला.

तरीही हॉल ऑफ फेमचं, म्हणजे या खेळातल्या थोरांच्या मानाच्या यादीचं, दार लवकर उघडलं नाही. मैदानावर मोजकेच क्षण दिसणाऱ्या माणसाला तिथे बसवायचं का, यावर वाद चालला. तिसऱ्यांदा अंतिम यादीत आल्यावर, २०२४मध्ये, त्याची निवड झाली. प्रामुख्याने रिटर्नर म्हणून निवडला गेलेला तो पहिलाच.

दरम्यान खुद्द किकऑफच आटत चालला होता. २०११मध्ये दुखापती टाळण्यासाठी किकची जागा ३०वरून ३५ यार्डांवर नेली, आणि बरेच चेंडू थेट एंड झोनमध्ये जाऊ लागले, म्हणजे परतवण्याची गरजच उरेना. २०२४च्या फेब्रुवारीतल्या सुपर बोलमध्ये तर एकही किकऑफ परतवला गेला नाही. मग लीगने रिटर्न पुन्हा जिवंत व्हावेत म्हणून नवा नियम आणला. तो पहिल्यांदा वापरला गेला १ ऑगस्ट २०२४ला, ओहायोतल्या कँटनमध्ये, आणि मैदानात होते शिकागो बेअर्स. दोनच दिवसांनी, त्याच गावात, हेस्टरने हॉल ऑफ फेमचा सोनेरी कोट घालून भाषण केलं.