भाजल्यावरचं क्रीम: गुण औषधाचा की नुसत्या बेसचा?

नमस्कार मंडळी! उपड्या मातीच्या खापरावर भाजायच्या खानदेशी मांड्यांच्या (पुरणपोळ्यांच्या) माझ्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "खापरावर हात भाजला तर सूज उतरवणारी ट्यूब लावू का?" जळगावचे एक दादा तर ठासून लिहितात, "भो, लावली अन् दोन दिवसांत लाली गायब. अजून काय पुरावा पाहिजे?"

दादा, लाली गेली हे मान्य. पण ती ट्यूबनेच गेली कशावरून?

भाजलं की प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं सुटतात, कातडी लाल होते, आग होते. हे झालं. आता ट्यूबमधलं औषध हे कमी करतं का, याची तपासणी. निरोगी माणसं आपणहून तयार होतात, त्यांच्या पोटरीवर ४७ अंशांची छोटी तापलेली चकती ७ मिनिटं ठेवतात. मग एका डागावर औषधाचं क्रीम अन् दुसऱ्यावर तेच क्रीम, फक्त औषध वगळून. हा बेस. कुठे काय लावलंय ते मोजणाऱ्यालाही माहीत नसतं.

सगळी मेख त्या दुसऱ्या डागात आहे! माझी मावशी मांडा खापरावर टाकते तेव्हा कोपराच्या आत चटका बसतो. ती काहीच लावत नाही, तरी लाली उतरतेच. म्हणजे वरवरचं भाजलेलं आपोआपही बरं होतं. बरं, "लावल्या लावल्या गार वाटलं" म्हणाल, तर क्रीममधलं पाणी उडतानाही गार वाटतं, त्यात औषधाचा थेंब नसला तरी. म्हणून फार्मसीच्या पोरांना मी बजावतो: एका हाताला क्रीम अन् दुसरा कोरडा, ही तुलनाच नाही. बेस हवाच. आणि आपण स्वतःच लावून स्वतःच बघितलं, तर डोळ्यांना हवी तेवढी लाली कमी दिसते.

एका ताईंकडे स्टिरॉइडची, म्हणजे दाह दाबणाऱ्या औषधाची, ट्यूब उरलीय. ताई, क्लोबेटासोल हे खूप कडक स्टिरॉइड. डेन्मार्कच्या संशोधकांनी १९९४ साली ते माणसांवर अशाच भाजलेल्या डागांवर तपासलं. ना वेदना कमी, ना दाह. बेस नसता तर तिथेही "गुण आला" म्हणून मोकळे झाले असते.

तेव्हा ट्यूब राहू द्या, आधी २० मिनिटं गार पाणी सोडा. मे महिन्यात भुसावळला गच्चीवरच्या टाकीचं पाणीच हात पोळतं, माठातलं घ्या. बर्फ नको. फोड आले, किंवा चेहऱ्यावर भाजलं, तर सरळ दवाखाना गाठा.