लांबारेनेचे पहिले वर्ष : रुग्णालय आणि त्यामागचे घर

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय 'मिशनचे रुग्णालय नेमके कोणाचे?' असा छापला आहे. त्या प्रश्नाकडे मी येणार आहे, पण माझी वाट औषधभांडारातून जाते. आयुष्यभर भांडार सांभाळलेल्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की दुसरे काय होणार!

मिरजेत उभे राहून इथल्या मिशन रुग्णालयाचे संस्थापक डॉक्टर वानलेस यांच्याविषयी तुम्हाला सांगण्याचे धाडस मी करणार नाही. म्हणून उदाहरण दूरचे घेतो : आफ्रिकेतील गाबोन, त्या काळची फ्रेंच वसाहत, आणि तिथल्या ओगोवे नदीकाठचे लांबारेने. अर्थात तेही आपल्याला अगदीच परके नाही. १८९४ मध्ये मिरजेचे रुग्णालय ज्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन पंथाच्या मिशनने सुरू केले, त्याच पंथाच्या डॉक्टर नासाऊ यांनी १८७६ मध्ये लांबारेनेचे ठाणे वसवले होते. पुढे फ्रेंच सरकारने शाळांतून फ्रेंच भाषेचा आग्रह धरल्यावर अमेरिकन मंडळींना ते चालवणे अवघड झाले आणि १८९२ मध्ये ठाणे पॅरिसच्या प्रोटेस्टंट मिशनकडे गेले. तिथेच १९१३ च्या एप्रिलमध्ये अल्बर्ट आणि हेलेन श्वाइट्झर हे दांपत्य येऊन पोहोचले.

अल्बर्ट श्वाइट्झर यांची महती आपण शाळेपासून ऐकतो. धर्मशास्त्राचा प्राध्यापक, बाखचे संगीत वाजवणारा ऑर्गनवादक, तिशीत वैद्यक शिकायला बसलेला मनुष्य, पुढे १९५२ चे नोबेल शांतता पारितोषिक. हेलेन यांच्या वाट्याला या कथेत बहुधा 'सपत्नीक' एवढाच एक शब्द येतो. वास्तविक लग्नापूर्वी त्यांनी तेव्हा जर्मनीत असलेल्या स्ट्रासबुर्ग शहराच्या सेवेत अनाथ मुलांच्या देखरेखीचे काम केले होते, आणि आफ्रिकेला जायचे म्हणून परिचर्येचे रीतसर शिक्षणही घेतले होते. आमच्याकडे एका रुग्णालयाच्या दालनात आजवरच्या सर्व सर्जनांची तैलचित्रे ओळीने लावलेली आहेत, आणि ज्या बाईंनी वर्षानुवर्षे शस्त्रक्रियेचे कापड उकळून, वाळवून, घड्या घालून दिले त्यांचे नाव एका जुन्या पगारपत्रकाखेरीज कुठेही सापडत नाही. सर्जनमंडळींनी रागावू नये. चित्रे सुंदर आहेत, विशेषतः चौकटी.

तर हे दांपत्य सत्तर पेट्या सामान घेऊन निघाले होते. पोहोचल्यावर पाहतात तो रुग्णालयाची इमारतच नव्हती. लाकडाच्या व्यापाराला तेजी आलेली असल्यामुळे बांधकामाला मजूर मिळत नव्हते. पण रुग्णांना डॉक्टर आल्याची वर्दी लागली होती, आणि ते होड्यांतून दोनशे-तीनशे किलोमीटरांवरून येऊ लागले. घरासमोर उघड्यावर तपासणी सुरू झाली. पाऊस आला की सगळा संसार उचलून व्हरांड्यात न्यायचा. शेवटी एक जुने कोंबड्यांचे खुराडे रिकामे करून, त्याला चुना लावून, त्याचा दवाखाना करण्यात आला. नव्या इमारतीचे नकाशे काढणाऱ्या समितीचे सदस्य समोर बसलेले आहेत, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आता माझा आवडता भाग. त्या दमट हवेत कागदाच्या पुडीतले किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यातले औषध टिकत नसे; त्यासाठी घट्ट बुचाची बाटली किंवा पत्र्याचा डबाच हवा. बाटल्या मात्र युरोपातून येणार. म्हणून रोज सकाळी रुग्णांना जे नियम मोठ्याने वाचून दाखवले जात, त्यांत डॉक्टरांच्या घराजवळ थुंकू नये, मोठ्याने बोलू नये, दिवसभराचे खाणे बरोबर आणावे, यांच्या जोडीला औषधाच्या बाटल्या आणि डबे परत आणलेच पाहिजेत असाही एक नियम होता. शिवाय प्रत्येक रुग्णाला दोरीत ओवलेली एक गोल पुठ्ठ्याची चकती मिळे. तिच्यावर क्रमांक, आणि त्या क्रमांकापुढे वहीत त्याचे नाव, रोग व दिलेली औषधे. लोक ती चकती ताईतासारखी गळ्यात जपत. माझ्या भांडारातून बाहेर गेलेल्या बाटल्यांपैकी किती परत आल्या हे मी इथे सांगत नाही, कारण ज्यांनी परत केल्या नाहीत त्यांतले काही सद्गृहस्थ या सभागृहात असण्याचा संभव आहे.

जोसेफ यांची गोष्टही सांगायलाच हवी. हे पूर्वी स्वयंपाकी होते. दवाखान्यात ते दुभाषे आणि मदतनीस झाले. शरीररचना ते स्वयंपाकघरात शिकलेले असल्यामुळे, अमक्याची उजवी तंगडी दुखते, तमकीच्या डाव्या चापेत, म्हणजे बरगडीच्या मटणात, आणि कमरेच्या मटणात कळा येतात, अशा शब्दांत ते तक्रारी डॉक्टरांपर्यंत पोहोचवत. आपण हसतो, पण निदान बरोबर होत असे, हे विसरू नये. शस्त्रक्रियेच्या वेळी हेच जोसेफ रबरी हातमोजे घालून सहायक म्हणून उभे राहत. भूल देण्याचे काम हेलेन यांच्याकडे होते. उपकरणे, शस्त्रक्रियेची पूर्वतयारी, पट्ट्या आणि कापडांची धुलाई हेही त्यांच्याकडेच, आणि त्यातून उरलेल्या वेळात घर. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारे दोन हजार रुग्ण तपासले गेले. अडकलेल्या अंतर्गळाचा (हर्नियाचा) रुग्ण टेबलावर असताना भूल आणि उकळलेले कापड यांच्याविना सर्जनाच्या हाताचे कौशल्य वाया जाते. ही गोष्ट या सभागृहातील परिचारिकांना सांगण्याची गरज नाही. ती सांगायची आहे इतिहास लिहिणाऱ्यांना.

सचिवांनी चिठ्ठी पाठवली आहे. दहा मिनिटे उरली आहेत म्हणे, तेव्हा जाहीर विषय आता आटोपशीरच घ्यावा लागेल.

रुग्णालय कोणाचे? पॅरिसच्या मिशनला श्वाइट्झर यांची येशूविषयीची मते खटकत होती. डॉक्टर हवा होता, विचार नको होते. श्वाइट्झर यांनी समितीच्या सदस्यांना एकेकट्याने भेटून सांगितले की मी केवळ वैद्य म्हणून जाईन, प्रवचनाच्या बाबतीत मौन पाळीन, आणि खर्चही माझा मी उभा करीन. पैसा आला तो मित्रांकडून, ऑर्गनवादनाच्या कार्यक्रमांतून आणि पुस्तकांच्या उत्पन्नातून. युद्ध होईल या भीतीने त्यांनी दोन हजार मार्क सोन्यात बरोबर नेले होते. म्हणजे जागा आणि राहते घर मिशनचे, तर औषधे, उपकरणे आणि श्रम या कुटुंबाचे.

परंतु नदीवर हा हिशेब असा स्वच्छ राहिला नाही. १९१३ च्या मध्यास ओगोवेवरच्याच साम्किता येथे मिशनऱ्यांची सभा भरली, तेव्हा तिने नदीजवळची जागा मान्य केली आणि पत्र्याच्या इमारतीसाठी दोन हजार फ्रँक दिले. शिवाय तिथल्या मिशनऱ्यांनी मौनाची अट फार काळ मनावर घेतली नाही. त्यांनीच श्वाइट्झर यांना प्रवचन करायला सांगितले. पॅरिसमधली समिती श्रद्धेची कागदपत्रे तपासत होती, आणि नदीवरची मंडळी रविवारी कोण बोलणार याची सोय पाहत होती. माझे मत असे की मिशनच्या रुग्णालयाची मालकी ठरावांत शोधू नये, रोजच्या देवघेवीच्या वहीत शोधावी. त्या मोजमापाने लांबारेने पहिल्या वर्षी त्या घराचे, जोसेफ यांचे आणि होडीतून आपला शिधा घेऊन येणाऱ्या नातेवाइकांचे होते; मिशन हे त्याचे यजमान होते. श्वाइट्झर यांची आफ्रिकी माणसाशी वागण्यातली वडीलकीची भाषा आज खटकते, आणि खटकावीच. त्यावर वेगळे व्याख्यान होईल.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. फ्रेंच वसाहतीत जर्मन नागरिक असल्यामुळे या दोघांना त्यांच्याच घरात पहाऱ्यात ठेवण्यात आले आणि नोव्हेंबरअखेरपर्यंत ती नजरकैद टिकली. पुढे १९१७ मध्ये त्यांना बंदी म्हणून युरोपात नेण्यात आले. युद्धकाळात रुग्णालय चालू ठेवण्यासाठी पॅरिसच्या त्याच मिशनकडून आणि ओळखीच्यांकडून उसने घ्यावे लागले होते. ज्या मिशनने आपल्याला काही खर्च पडणार नाही या हमीवर डॉक्टर स्वीकारला होता, तेच मिशन शेवटी त्याचे धनको झाले. हे कर्ज फेडण्याची वाट श्वाइट्झर यांना १९२० मध्ये स्वीडनमध्ये सापडली : व्याख्याने द्यायची आणि ऑर्गन वाजवायचा.