जाळी खाली, चित्रं वर

सेंट अर्थला मोठी गाडी सोडायची, छोट्या गाडीत चढायचं आणि उजव्या हाताची खिडकी धरायची. मैत्रिणीनं मला हे दोनदा बजावलं होतं. प्रवास जेमतेम पाव तासाचा. आधी खाडी, तिच्या चिखलात चोची खुपसत फिरणारे पक्षी. मग एका वळणावर खाली एकदम समुद्र. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला पाणी इतकं हिरवं असेल, असं वाटलं नव्हतं.

हे कॉर्नवॉलमधलं सेंट आइव्ह्ज. १८७७ साली इथं रेल्वे आली. तिनं इथली मासळी बाहेर नेली आणि बाहेरचे चित्रकार आत आणले.

मासळी म्हणजे मुख्यतः पिल्चर्ड, आपल्या तारलीची जवळची नातेवाईक. ती खारवून, पिंपांत दाबून इटलीला जायची. पुढे थवे आटले. शिडं ठेवायचे माळे रिकामे पडले, आणि भाड्यानं कोण घेणार? ज्याला उंच छत, भरपूर उजेड आणि स्वस्त जागा हवी तो.

पोर्थमिअर किनाऱ्यावरची ही लांबलचक इमारत बघा. तळघरात आजही कोळ्यांची जाळी, वर चित्रकारांचे स्टुडिओ. वरच्या पाच नंबरच्या खोलीत आधी बेन निकल्सननं काम केलं, नंतर पॅट्रिक हेरननं. मैत्रीण म्हणाली, "म्हणजे वरच्याला रंगाचा वास आणि खालच्याला माशाचा?" दोघांनाही दोन्ही येत असणार.

पण या गावाची खरी गोष्ट मागच्या गल्लीत, बॅक रोड वेस्टवर आहे. तिथं आल्फ्रेड वॉलिस राहायचा. आधी समुद्रावर, मग भंगाराच्या धंद्यात. १९२२ मध्ये बायको गेली आणि सत्तरीच्या आसपास त्यानं चित्रं काढायला घेतली. सोबत हवी म्हणून. वाण्याकडच्या खोक्यांचे पुठ्ठे, होड्यांना लावायचा रंग. पुठ्ठा वाकडा फाटलेला असेल तर जहाजही तसंच वाकडं बसायचं. १९२८च्या ऑगस्टमध्ये निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड त्याच्या उघड्या दारावरून चालले होते. भिंतीवर खिळ्यांनी ठोकलेली चित्रं दिसली आणि दोघं थबकले. शिकलेले चित्रकार या म्हाताऱ्याकडून शिकले. तरीही १९४२ मध्ये तो वारला तो मॅड्रनच्या गरीबखान्यात, गरीबच.

समोर टेट कलादालन. १९९३ साली उघडलं, जुन्या गॅस कारखान्याच्या जागेवर. दर्शनी गोलाकार भाग त्या गॅसच्या टाकीची आठवण ठेवतो. खरं सांगू? आतल्या काही चित्रांपेक्षा मला त्या गोल सज्जातून दिसणाऱ्या लाटाच जास्त आवडल्या. मैत्रिणीला हे अजिबात पटलं नाही.

शिल्पकार बार्बरा हेपवर्थच्या बागेत मात्र आमचं एकमत झालं. ट्रेविन स्टुडिओ तिनं १९४९ मध्ये घेतला. १९७५ साली तिथंच आगीत तिचा मृत्यू झाला. पुढच्याच वर्षी घराचं संग्रहालय झालं. कांस्याच्या शिल्पांना आरपार भोकं, आणि त्या भोकांतून कधी पाम, कधी चर्चचा मनोरा. कामाच्या खोलीत हत्यारं, अर्धवट दगड, खुंटीवर तिचे अंगरखे. शिल्प बघायला माणूस स्वतःच गोल फिरायला लागतो. दालनात हे इतकं सहज होत नाही.

बंदरावर उभं राहून खायचं असेल तर पाठ भिंतीला लावा. इथले सीगल हातातला घास नेतात, तेही मागून.

वॉलिसची कबर वर, बार्नूनच्या दफनभूमीत. तिच्यावरच्या फरश्या कुंभारकाम करणाऱ्या बर्नार्ड लीचनं घडवल्या: भलंमोठं दीपगृह आणि त्याच्या दाराशी काठी टेकत निघालेला एवढासा माणूस. आयुष्यभराच्या गरिबाला गावातली सगळ्यात देखणी कबर मिळाली.

लीचचं नाव निघालं आणि आमचं वेळापत्रक कोलमडलं. त्यानं जपानच्या शोजी हमादासोबत १९२० साली काढलेलं कुंभारकामाचं केंद्र गावाबाहेर चढावर आहे, आणि तिथं आजही भांडी घडतात. गाडीला फारसा वेळ नव्हता. मी घड्याळ दाखवेपर्यंत मैत्रीण अर्धा चढ चढून गेली होती. पुढच्या गाडीनं जाऊ, दुसरं काय!