स्टेपलरची पिन काढू नका

नमस्कार मंडळी. वडे संपले, चहा झाला, आणि आता मला विषय मिळालाय घटस्फोटाच्या कागदांचा. मंडळाच्या कार्यक्रमात हा विषय कशाला, अशी कुजबुज झाल्याचं कानावर आलंय. बरोबरच आहे. पण गेल्या गणपतीत याच हॉलमध्ये, प्रसादाच्या रांगेत, दोघींनी मला वेगवेगळं गाठून हळूच तेच विचारलं. म्हटलं, एकदा माइकवरच सांगून टाकू.

मी कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कोर्टात रेकॉर्डच्या खिडकीमागे सतरा वर्षं बसले. वकील नाही. घटस्फोट घ्यावा का, कसा घ्यावा, हे मला विचारू नका. झालेल्या घटस्फोटाचा कागद कसा मिळवायचा, एवढंच मला येतं.

कागद लागतो कधी? दुसरं लग्न केलंय आणि जोडीदाराचं ग्रीन कार्ड करायचंय, तर इमिग्रेशन आधीचं लग्न संपल्याचा पुरावा मागतं. भारतीय पासपोर्टवरचं जोडीदाराचं नाव काढायचंय, तरी लागतो. आणि एक कारण आपल्या ज्येष्ठ बायकांना ठाऊकच नसतं. लग्न किमान 10 वर्षं टिकलं असेल, तुमचं वय 62 झालं असेल आणि तुम्ही पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर आधीच्या नवऱ्याच्या कमाईवर सोशल सिक्युरिटी, म्हणजे इथली सरकारी पेन्शन, मागता येऊ शकते. ती मागायला गेलं की खिडकीवरचा माणूस म्हणतो, डिक्री दाखवा, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा निकाल. ती तर रागाच्या भरात कधीच फाडून टाकलेली असते.

आता शोधायची कुठं? या देशात घटस्फोटांची एक अशी राष्ट्रीय नोंदवही नाही. फेडरल, म्हणजे केंद्राच्या, कोर्टांच्या ‘पेसर’ या वेबसाइटवर रात्र रात्र शोधणारे इंजिनियर मी पाहिलेत. तिथं दिवाळखोरी सापडेल, घटस्फोट नाही. तो राज्याच्या कायद्याचा विषय, आणि फाइल असते ज्या काउंटीत अर्ज दाखल झाला तिथं. लग्न पुण्यात झालं की सॅन होजेत, त्याच्याशी संबंध नाही. काउंटी आठवत नसेल तर पत्ता आठवा. कॅलिफोर्नियात अर्ज करण्याआधी दोघांपैकी एकानं राज्यात 6 महिने आणि त्या काउंटीत 3 महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणजे त्या वर्षी कुणाचं अपार्टमेंट कुठं होतं हे कळलं की काउंटी कळली.

खिडकीचं नाव मात्र राज्यागणिक बदलतं. टेक्ससमध्ये डिस्ट्रिक्ट क्लार्ककडं जायचं. काउंटी क्लार्क हे वेगळं ऑफिस, तिथं रांग लावलीत तर दुपार गेली. पेनसिल्व्हेनियात बऱ्याच काउंट्यांत त्या अधिकाऱ्याला ‘प्रोथोनोटरी’ म्हणतात. हा शब्द मला आजही एका दमात म्हणता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्टात होतो. घाबरू नका, तिथं ते खालचंच कोर्ट आहे. फाइल काउंटी क्लार्ककडं असते आणि 100 वर्षं बंद असते. पक्षकार आणि त्यांचे वकील सोडून इतरांना कोर्टाच्या हुकुमाशिवाय ती बघता येत नाही. कॅलिफोर्नियात उलट. एखादा कागद कोर्टानं सील केला नसेल तर कुणीही येऊन फाइल मागू शकतो. फक्त कौटुंबिक खटल्यांचे कागद तिऱ्हाइताला घरबसल्या स्क्रीनवर उघडत नाहीत, ते बघायला त्याला कोर्टात यावं लागतं.

यायचं तर केस नंबर घेऊन या. तो असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर नावावरून शोध, आणि इथं आपली मराठी नावं क्लार्कचा जीव घेतात. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. अर्ज भरणाऱ्यानं मधलं नाव कुठं टाकलं असेल याचा नेम नाही. एक बाई तीन वेळा आल्या, नोंद सापडेना. शेवटी मी म्हटलं, ताई, नवऱ्याच्या पहिल्या नावानं बघू. सापडली! आडनावाच्या रकान्यात चक्क नवऱ्याचं नाव पडलं होतं. वाघ, वैद्य, विचारे असाल तर ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींनी शोधा. माहेरचं, सासरचं, दोन्ही आडनावं बघा. अर्ज समोरच्यानं केला असेल तर त्याच्या नावानंही बघा. आणि ‘डिव्होर्स’ हा शब्द शोधत बसू नका. कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 1970 पासून दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळू लागला, तेव्हापासून कागदावर ‘डिझोल्यूशन ऑफ मॅरेज’ असतं.

मग कोणता कागद मागायचा? फसगत होते ती इथं. राज्याचं आरोग्य खातंही काहीतरी देतं, आणि तेच पुरेल असं वाटून लोक मागवतात. टेक्सस 1968 पासूनच्या घटस्फोटांचं नुसतं पडताळणीचं पत्र देतं. कॅलिफोर्नियाकडं तर फक्त 1962 ते जून 1984 एवढ्याच नोंदी आहेत, आणि मिळतं काय, तर नावं, काउंटी आणि केस नंबर. नंबर शोधायला झकास, पण ती डिक्री नव्हे. बहुतेक ठिकाणी मागतात ती कोर्टाच्या निकालाची, ‘जजमेंट’ची, सर्टिफाइड कॉपी, म्हणजे कोर्टानं शिक्का मारून प्रमाणित केलेली प्रत. आमच्याकडं त्या निकालाच्या फॉर्मचा नंबर एफएल-180. तिच्यावर वैवाहिक नातं संपल्याची तारीख वेगळी लिहिलेली असते, आणि ती न्यायाधीशांच्या सहीच्या तारखेहून वेगळी असू शकते, कारण समोरच्याला कागद बजावल्यापासून किमान 6 महिने गेल्याशिवाय इथं लग्न संपत नाही. पुढच्या प्रत्येक अर्जात हीच तारीख लिहा.

पोस्टानं मागवायचं तर परतीचं पाकीट तिकीट लावून घाला. फी किती होईल माहीत नसेल तर चेकवर रकमेची जागा मोकळी ठेवून ‘अमुक डॉलरपेक्षा जास्त नाही’ असं लिहिता येतं. अनेक कोर्टं असा चेक घेतात, त्या कोर्टाला आधी विचारा.

कॉपी हातात आली की मागच्या पानावरून बोट फिरवा. काही ठिकाणी शिक्का नुसता उमटवलेला नसतो, कागदातच दाबलेला असतो, बोटाला खडबडीत लागतो. डोळ्याला धड दिसतही नाही. आणि कोपऱ्यातली स्टेपलरची पिन काढू नका. स्कॅन करायला म्हणून आपली माणसं ती नखानं उचकटतात. पिनेची भोकं दोनाची चार झाली की पुढचा कारकून विचारतो, मधलं पान बदललं कशावरून नाही? मी स्वतः अशी कॉपी परत केली आहे, आणि समोरच्या गृहस्थांचं मुंबईचं विमान दुसऱ्या दिवशी होतं.

कागद भारतात न्यायचा तर अपोस्टील, म्हणजे परदेशात कागद खरा मानावा म्हणून त्याला जोडायचं प्रमाणपत्र. ज्या राज्यातला कागद, त्याच राज्याकडून, बहुतेक ठिकाणी तिथल्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडून. वॉशिंग्टनला, केंद्र सरकारकडं, पाठवलात तर परत येईल. भारत 14 जुलै 2005 पासून या व्यवस्थेत आहे. त्याआधी काय व्हायचं, त्याची गोष्ट आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या एका निकालात आहे. नावं घेत नाही, वकिलांना कळेल. तिरुपतीत लग्न झालेलं जोडपं. नवऱ्यानं 1980 साली मिसुरीतल्या सेंट लुईस काउंटीच्या कोर्टातून डिक्री आणली आणि पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. पहिल्या बायकोनं फिर्याद ठोकली. न्यायालयानं ती डिक्री मानलीच नाही. घटस्फोटाचं कारण हिंदू विवाह कायद्यात बसत नव्हतं, आणि त्या कोर्टाचा अधिकार बायकोनं कबूल केला नव्हता. पण माझ्यासारखीचं लक्ष जातं ते कॉपीवरच्या परिच्छेदाकडं. उच्च न्यायालय म्हणालं होतं, फोटोकॉपी चालणार नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, फोटोकॉपी आहे म्हणून नव्हे. सेंट लुईसच्या डेप्युटी क्लार्कनं ती रीतसर प्रमाणित केलीच आहे. अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणपत्र तिच्यावर नाही, म्हणून ती चालणार नाही! तेव्हा कागद भारतातल्या कोर्टात दाखवायचा असेल तर अपोस्टील पुरे की आणखी काही हवं, हे तिकडच्या वकिलाला आधी विचारा, मग इथली रांग लावा.

एक चिठ्ठी आलीय. ‘कॉपी मागवली तर त्यांना कळेल का?’ नाही. कोर्ट समोरच्याला कळवत नाही. आमच्या खिडकीवर कारणही कुणी विचारत नाही. एक फॉर्म, त्यावर नंबर, तुमचं नाव आणि पैसे. चिठ्ठी ज्यांची आहे त्यांनी सोमवारी सकाळीच जाऊ नका, तेव्हा गर्दी असते.