शरणपूरच्या मुलांची कादंबरी

मंडळी, आजचा विषय आहे मुलांच्या कादंबऱ्यांमधलं स्थलांतर आणि समुद्रप्रवास. इंग्रजीत अशा कादंबऱ्या आहेत आणि त्यांच्यामागे खरा इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधल्या संस्थांनी हजारो मुलं बोटीत बसवून ऑस्ट्रेलियाला धाडली. आईबाप हयात असताना ‘तुम्हाला कुणी नाही’ असं कित्येकांना सांगितलं. ऑस्ट्रेलियानं २००९ मध्ये आणि ब्रिटननं २०१० मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. आपली नातवंडं या गोष्टी वाचतात, वाचावीतच.

पण आधी आपल्या नाशकातल्या शरणपूर रोडबद्दल बोलू द्या. तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही, एवढं सगळ्यांना ठाऊक. हसा, पण पुढचंही ऐका. मिशनऱ्यांनी १८५४ मध्ये शरणपूर वसवलं. इंग्रजांचं आरमार गुलाम वाहणारी अरबी गलबतं समुद्रात पकडायचं. त्यांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरायची आणि त्यांतली कितीतरी इथं, आपल्या नाशकात वाढली. सुतारकाम शिकली, लोहारकाम शिकली. इतिहासाच्या पुस्तकांत ती ‘नासिक बॉइज’ म्हणून येतात. आणि नाशिकच्या पोरांना त्यांचा पत्ता नाही! मला याचा मनापासून राग येतो.

त्यांतलाच जेकब वेनराइट. याओ जमातीचा, हे नाव मिशनऱ्यांनी ठेवलेलं. १८७३ मध्ये आफ्रिका पालथी घालणारा स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या ऐन मध्यात वारला. सोबतच्यांनी त्याचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. प्रार्थना जेकबनं म्हटली, झाडाच्या सालीवर अक्षरं जेकबनं कोरली. मग देह मिठात सुकवून, कापडात बांधून ही माणसं महिनोन् महिने किनाऱ्याकडे चालत राहिली. वाटेत गावं अडवायची, प्रेत नेऊ देत नव्हती. जेकब पुढे बोटीनं थेट इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये लिव्हिंगस्टनच्या शवपेटीच्या मानकऱ्यांत तो होता. शरणपुरात शिकलेला मुलगा, मंडळी! मुलांच्या कादंबरीला आणखी काय हवं?

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. जे सांगायला आलो ते आता भराभर सांगतो.

अशा कादंबऱ्या शेवटी बहीण किंवा आई भेटवतात. आपल्याला ते सोपं वाटतं, कारण रामकुंडावरचे उपाध्ये वही उघडून आपल्या पणजोबांची नोंद दाखवतात. या मुलांचं नावच बदललेलं, त्यांची वही कोण उघडणार? म्हणून मराठी कादंबरीनं ओढूनताणून भेट घडवू नये.

मुख्य मुद्दा परतीचा. १८६४ पासून यांतले काही पूर्व आफ्रिकेत मोंबासाजवळच्या राबईला गेले, दहा वर्षांनी तिथंच सुटका झालेल्या गुलामांसाठी फ्रेअरटाउन ही वसाहत वसली तेव्हा आणखी गेले. पुन्हा तोच समुद्र, उलट्या दिशेनं. आणि तिथं त्यांना नाव पडलं ‘बॉम्बे आफ्रिकन’! मायभूमीत ते मुंबईवाले ठरले. कादंबरीचा गाभा हा आहे. सुरुवात गलबतावरून करू नका, शरणपुरातल्या सुतारकामापासून करा; नाशिकची मुलं तिथून लगेच आत शिरतील. लिहिणारं कुणी इथं बसलं असेल तर मला खाली भेटा, माझ्याकडची सगळी टिपणं देतो.