बेचाळीस मुलखांची मुलूखगिरी

समोर जगाचा नकाशा आहे. 42 मुलूख, 6 खंड. ‘रिस्क’ हा पटावरचा खेळ 1957 साली आल्बेर लामोरिस या फ्रेंच चित्रपट दिग्दर्शकाने आणला. आता तो मोबाईलवर खेळला जातो, पण गणित तेच आहे.

नवखा खेळाडू आधी आशियाकडे धावतो. अख्खा खंड ताब्यात ठेवण्याचा बोनस तिथे सगळ्यात मोठा, दर फेरीला 7 सैनिक. पण मुलूख 12, आणि बाहेरून आत शिरायला पाच दारं: कामचाटका, उरल, अफगाणिस्तान, मध्यपूर्व, सयाम. पाच ठिकाणी फौज वाटली की प्रत्येक ठिकाणी ती तोकडी पडते. (हिंदुस्थान घ्यायचा मोह आपल्याला होतोच. घ्या, पण तिथे फौज साठवू नका. चार शेजारी आहेत.)

ऑस्ट्रेलियाचा बोनस जेमतेम 2. मात्र मुलूख चारच आणि दार एक. फौज इंडोनेशियात न ठेवता एक पाऊल पुढे, सयामला ठेवा. दारही बंद होतं आणि आशियाचा बोनसही कुणाला मिळत नाही. अर्थात हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. ऑस्ट्रेलियासाठी दोघं भिडले, तर दोघांचाही डाव तिथेच संपतो. अशा वेळी मुकाट दक्षिण अमेरिका धरावी: बोनस तेवढाच, दारं दोन.

आता फासे. हल्ल्याला तीन, बचावाला दोन. बरोबरी झाली की बचाव करणारा जिंकतो. तरीही तिसऱ्या फाशामुळे पारडं किंचित हल्लेखोराकडे झुकतं: बचावाचे दोन्ही सैनिक पडण्याची शक्यता 37 टक्के, हल्ल्याचे दोन सैनिक पडण्याची 29, उरलेल्या वेळी एकास एक. म्हणून चारपेक्षा कमी सैनिक उरले की थांबायचं. तीन उरल्यावर फासे दोनच मिळतात, आणि समोर दोन असतील तर पारडं फिरतं.

पण हा डाव मुलखांवर नाही, कार्डांवर फिरतो. फेरीत निदान एक मुलूख जिंकला की एक कार्ड मिळतं. दहा जिंकले तरी एकच. तीन कार्डांचा संच मोडला की सैनिक येतात. वाढत्या दराच्या डावात पहिल्या संचाला 4, मग 6, 8, 10, 12, 15, आणि पुढे दर वेळी पाच जास्त.

आणि ज्याला संपवाल, त्याची सगळी कार्डं तुमची. समजा, तुमच्याकडे 2 कार्डं आहेत, दर 15 वर आलाय. हिरव्या रंगाच्या खेळाडूकडे 4 कार्डं आणि ओळीने चार मुलूख, प्रत्येकी 2 सैनिक. तो संपला की तुमची 6 कार्डं होतात, संच तिथल्या तिथे मोडावाच लागतो आणि त्याच फेरीत 15 सैनिक हाती येतात.

खर्च किती? दोन सैनिकांचा मुलूख घेताना सरासरी दीड पडतो. चार मुलखांचे 6. जिंकलेल्या प्रत्येक मुलखात एक ठेवावाच लागतो, ते 4. नवखे हे चार धरतच नाहीत, आणि हल्ला शेवटच्या मुलखाच्या वेशीवर येऊन अडकतो. वर तीन फासे टाकण्यापुरते चार हवेत. झाले 14. फासे रुसतील म्हणून 18 घेऊनच निघा.

तेवढे नसतील तर हिरव्याला हातच लावू नका. अर्धवट मारलेला हिरवा म्हणजे पुढच्या खेळाडूला ताटात वाढलेली 4 कार्डं. दुसरीकडचा एक सैनिकाचा मुलूख घ्या, कार्ड उचला आणि फेरी सोडा.